रिकाम्या बाटल्या बांधीत फेकू नका, आमच्याकडे द्या

समस्त गावकरी मंडळी, आजूबाजूच्या गावांतले शेजारी आणि पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याला गेलेली आमची लेकरं, सगळ्यांना महिला ग्रामसंघातर्फे नमस्कार.

आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातल्या, वैनगंगेकाठच्या गावातल्या बाया. उमेद अभियानातले आमचे अकरा बचत गट आहेत आणि त्यांचा मिळून हा ग्रामसंघ. वर्गणी मागायला आम्ही याआधीही आलो आहोत, पण या वेळी पैशाआधी एक वेगळीच वस्तू मागतोय: काचेच्या रिकाम्या बाटल्या. होय, त्याच. पव्वा, अद्धा, खंबा, बिअरची, सगळ्या चालतात. सॉसची, सरबताची, मधाची बाटली किंवा लोणच्याची बरणी असेल तर उत्तमच, पण गावात कोणत्या बाटल्या जास्त निघतात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

का मागतोय ते सांगतो. मागच्या रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, चिखलणी झालेल्या बांधीत (भातखाचरात) आठ-दहा बाया ओळीनं वाकून पऱ्हे (धानाची रोपं) लावत होत्या. आमच्या गटातली एकजण मधेच थांबली. तिला वाटलं खेकडा चावला. पाय वर काढला तर तळव्यात काचेचा तिरपा तुकडा, चिखलाच्याच रंगाचा. बांधीतलं पाणी लाल झालं तेव्हा कुठं बाकीच्यांना कळलं. पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि उरलेली रोवणी ती घरी खाटेवर पाय वर करून बसली. रोवणीचा गुत्ता (ठेका) म्हणजे आमच्याकडे बाईच्या हातात येणारी वर्षातली मोठी रोख रक्कम. ती तिची त्या वर्षी गेलीच.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून पिणाऱ्यानं बाटली बांधीत भिरकावली की त्याचं काम संपतं. पुढे ती ट्रॅक्टरच्या केजव्हीलखाली (चिखलणीच्या लोखंडी चाकाखाली) येते, फुटते आणि चिखलात मुरते. काच कुजत नाही, गंजत नाही. आज न सापडलेला तुकडा नातीच्या पायालाही लागू शकतो. जोडे घालून रोवणी करा असं सुचवणाऱ्यांनी एकदा गाळात उतरून जोडे शाबूत वर काढून दाखवावेत.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात बाटल्या कमी झाल्या असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमची बोडी (लहान तळं) उपसताना यायला हवं होतं. लपवायच्या म्हणून लोकांनी पाण्यातच टाकल्या होत्या. गावात येणारा कबाडी बिअरच्या सगळ्या बाटल्या नेतो, पण पव्व्यांकडे बघतही नाही. वजन जास्त, भाव कमी, गाडीत जागा खातात, असं तो म्हणतो. तेव्हा आमचा सगळ्यात जास्त डोळा आहे तो पव्व्यांवर.

आता या बाटल्यांचं आम्ही करतो काय? तर समुद्र करतो.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या दोघीजणी मुंबईला बचत गटांच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात तांदूळ आणि जवसाची चटणी घेऊन गेल्या होत्या. एका संध्याकाळी त्या किनाऱ्यावर गेल्या. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. एकीनं ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि म्हणाली, "अवं, एवढं पाणी, अन् बांधीच्या कामाचं नाही!" परत येताना एका दुकानाच्या काचेत त्यांना रंगवलेली बाटली दिसली. खाली वाळूचा थर, वर निळं पाणी, पांढरा फेस, गळ्यात सुतळी आणि तिला लटकवलेला एक शिंपला. किंमत आठशे रुपये. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाटली, रेती, सुतळी, शिंपला, यातलं गावात काय मिळत नाही?

रंगवायचं कसं हे शिकवलं गावातल्याच पेंटरभाऊंनी. ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवतात. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, पण पावसाळ्यात ते मोकळे असतात. राजवाडा, जंगल, देऊळ आणि समुद्र, असे त्यांचे ठरलेले देखावे. आमच्यातल्या नव्वद टक्के बायांनी समुद्र पाहिला तो त्यांच्या पडद्यावर, रात्री दोन वाजता, नायिका बुडत असताना.

पहिली खेप पार फसली. तीस बाटल्या धुतल्या, पुसल्या आणि थेट निळा रंग मारला. आठवड्यात रंग दुधावरच्या सायीसारखा निघून आला. काच गुळगुळीत, तिला भोकं नाहीत, त्यात बोटांचं तेल लागलेलं. रंग धरणार कशाला? त्यानंतरची रीत अशी: बाटली रात्रभर कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्यात बुडवून ठेवायची. सकाळी लेबल आपोआप सुटतं. मागे राहिलेला डिंक खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून घासला की जातो. मग साबणानं धुवायची, वाळवायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, आणि त्यानंतर तिला बोटं लावायची नाहीत, गळ्यात काडी घालून उचलायची. पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात. एक जाड हात मारून वेळ वाचत नाही, ओघळ तेवढे येतात.

खरी मजा पुढे आहे. गटातली एक काकू आहे, तिच्या हातची एक बाटली बनताना बघा. बुडाकडे चार बोटं फेविकॉल लावते, चाळून धुऊन वाळवलेली रेती ताटात पसरते आणि बाटली पोळी लाटल्यासारखी त्यावरून फिरवते. वर मोरपिशी, त्याच्या वर आकाशी, दोन्ही ओले असतानाच भांडी घासायच्या स्पंजनं टिपते, म्हणजे जोड दिसत नाही. रेती आणि पाणी मिळतात तिथं जुन्या टूथब्रशनं पांढरा फेस उडवते. गळ्याला अंबाडीच्या वाखाची दोरी, सात वेढे. सातच का, विचारलं तर म्हणते, "सहा कमी दिसते, आठ जास्त." शेवटी वार्निश. मग चोवीस तास कोणी हात लावायचा नाही.

काच म्हणजे मुळात रेतीच. रेती, सोडा आणि चुनखडी दीड हजार अंशाच्या आसपास वितळवून ती करतात. म्हणजे आम्ही रेतीवरच रेती चिकटवतोय. (रेती म्हटल्यावर कान टवकारले असतील तर सांगतो, अंगणात बांधकामाची उरलेली एक पाटी आहे, तीच वर्षभर पुरते. घाटावर आम्ही जात नाही.) आणि समुद्राचं म्हणाल तर तो आपल्यालाही अगदीच परका नाही. आपली वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नदीत टाकलेली बाटली कधी ना कधी तिकडेच निघाली आहे.

या कामाला गावातून विरोध झाला, तोही सांगायला हवा, कारण अर्धवट ऐकून काहीजण नाराज आहेत. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला विधानभवनावर ज्या बायका पायी गेल्या, त्यांत आमच्या एक आजी होत्या. बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "मी नागपूरले पायी गेली, ते बाटल्या सजवाले का?" कुणाकडे उत्तर नव्हतं. दोन बैठका याच्यावरच गेल्या. शेवटी आजींच्याच सांगण्यावरून ठराव लिहिला. बाटलीवर लेबलचा कपटाही राहता कामा नये. काचेत कंपनीचं नाव उठलेलं असेल तर ते रेतीखाली किंवा दोरीखाली गेलंच पाहिजे. आणि बाटलीला पैसे द्यायचे नाहीत, एक रुपयाही नाही. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, प्यायलो ते ग्रामसंघाच्या भल्यासाठी. आजी आता रेती चाळायला येतात. मत बदललंय असं त्या म्हणत नाहीत. हात रिकामे बसत नाहीत, एवढंच म्हणतात.

आतापर्यंत बनवलेल्या बाटल्यांतल्या बऱ्याचशा नागपूरला नातेवाइकांकडे गेल्या, लग्नात आहेर म्हणून. ताडोबाच्या बफरमधल्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरनी खोल्यांसाठी चाळीस बाटल्या मागितल्या आहेत. वाघ बघायला येणाऱ्याच्या उशाशी समुद्र कशाला, असं आम्हीच त्यांना विचारलं. ते म्हणाले, वाघाचं चित्र सगळ्यांकडे असतं. असो. ही मागणी नीट पुरी झाली तर पुढचं बोलता येईल. त्यासाठी मृग लागायच्या आत निदान तीनशे बाटल्या धुऊन प्रायमर मारून ठेवायच्या आहेत, कारण एकदा रोवणी सुरू झाली की बाया बांधीत, आणि पावसाळी हवेत वार्निश चिकट राहतं ते वेगळंच.

तर आमची मागणी अशी.

बाटल्या साबूत हव्यात, तोंडाला टवका गेलेली नको. पांढरी, हिरवी, तपकिरी, रंग कोणताही चालेल. झाकण असेल तर ठेवा, नसेल तर राहू द्या. आतून एकदा पाण्यानं विसळलीत तर आमच्यावर उपकार होतील, वासानं पहिला तासभर डोकं धरतं. पण फवारणीच्या औषधाची बाटली चुकूनही देऊ नका, कितीही धुतली असली तरी. फिनाइल, ॲसिड आणि इंजेक्शनच्याही नकोत. ओळखू येत नसेल तर देऊ नका, सोपं आहे. फुटकी काचही आणू नका. मात्र बांधीत, धुऱ्यावर दिसली तर जाड कागदात गुंडाळून, वर "काच" लिहून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत वेगळी द्या.

रंग. घर रंगवून डब्याच्या तळाशी उरलेलं पांढरं किंवा निळं इमल्शन वाळलं नसेल तर हवं आहे. डिस्टेंपर नको, त्याची पावडर सुटते. ऑइलपेंट नको, बंद खोलीत थिनरचा वास बायांना सोसत नाही.

नोकरीवाल्या लेकरांसाठी खास. सुट्टीत कोकणात, गोव्याला गेलात तर प्रेमानं वाळू किंवा शंख-शिंपले भरून आणू नका. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं, ते ओल धरतं आणि रंग उचलतं. शंखांपैकी काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात आणि त्या ओळखणं आपल्याला जमणारं नाही. नदीकाठी पडलेले रिकामे शिंपले आम्हाला पुरतात. त्याऐवजी ऑनलाइन सामान आलेले पुठ्ठ्याचे मजबूत खोके घडी करून पाठवा. आत भरायला तणस (धानाचा पेंढा) आमच्याकडे भरपूर आहे. नागपूरहून गावाकडे रिकामी गाडी येत असेल तर ब्रह्मपुरीपर्यंत चार पोती आणाल का, एवढं विचारतो.

आणि पैसे. एकूण २७,००० रुपये लागतील. प्रायमर आणि ॲक्रिलिक रंगांना ९,०००, पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशला ४,०००, ब्रश, स्पंज, हातमोजे यांना ३,०००, पॅकिंगला ५,००० आणि समाजमंदिरामागच्या खोलीत फळ्या ठोकायला, खिडकीला जाळी लावायला ६,०००. यातले ८,००० ग्रामसंघानं घातले आहेत. उरलेले १९,००० आपल्याकडून हवेत. पन्नास रुपये दिलेत तरी पावती मिळेल. रक्कम फक्त ग्रामसंघाच्या बँक खात्यात घेतो, कोणाच्या मोबाईल नंबरवर नाही. अध्यक्षांच्या, सचिवांच्या, हे लिहिणाऱ्या माझ्यासुद्धा नाही. गावाच्या नावानं कुणी वेगळा नंबर पाठवला तर तो आमचा नाही, असं धरून चाला. खाते क्रमांक हा मजकूर उमेदच्या ज्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी तुम्हाला पाठवला त्यांच्याकडून किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून घ्या. हिशेब दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचला जातो आणि त्याच फळ्यावर लागतो.

बाटली विकत घेणाऱ्यांना एक सूचना. ही शोभेची वस्तू आहे. त्यात पाणी भरून पिऊ नका आणि आत पेटती मेणबत्ती सोडू नका, काच तडकते. तांब्याच्या तारेची छोटी दिवेमाळ घातली तर छान दिसते. बाटली कापून ग्लास बनवून द्या, अशीही मागणी येते. रॉकेलचा दोरा पेटवून बाटली कापण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला. तडा वाटेल तिकडे गेला आणि एकीची करंगळी थोडक्यात वाचली. काचेनं कापायचं नाही म्हणून हे काम सुरू केलं, तेव्हा कापाकापी बंद.

बाटल्या आणून द्यायच्या कुठं? समाजमंदिराच्या मागच्या ओट्यावर निळ्या रंगाचा मोठा ड्रम ठेवला आहे. दिवसा कोणीतरी असतंच. दिवसा यायला संकोच वाटणाऱ्यांसाठी ड्रम रात्रीही तिथंच असतो आणि त्या बाजूचा दिवा आम्ही मुद्दाम लावत नाही. कोणी किती आणल्या, कोणाच्या घरून आल्या, हे विचारायचं नाही असंही ठरावात लिहिलं आहे. पुष्कळ बाटल्या असतील तर पोत्यात भरून, मधे तणस घालून ठेवा. पोतं परत हवं असेल तर त्यावर नाव लिहा, धुऊन घरी पोचवू. नाव नसलेलं पोतं ग्रामसंघाचं.