डिस्चार्जच्या वेळी मराठीत कागद लिहून देणाऱ्या रेसिडेंट मॅडमना

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव ॲप्रनवर वाचलं होतं पण इथे टाकत नाही, न विचारता कुणाचं नाव असं जाहीर टाकणं मला पटत नाही. मेडिसिन वॉर्डात खिडकीकडच्या बेडवर वाईचे आजोबा होते बघा, पायाला सूज आणि दम लागायचा, रोज सकाळी सिस्टरकडे पेपर मागायचे, त्यांचा मी मुलगा.

त्याआधी बाबा एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये होते, तिथनं जाडजूड फाइल मिळाली. बिलाचे कागद एकदम क्लिअर, पण डिस्चार्ज कार्डावर एलव्हीईएफ, बीडी, एसओएस असलं सगळं आणि शेवटी "फॉलोअप ॲज ॲडव्हाइज्ड". कुणी काय ॲडव्हाइज केलं देव जाणे. आता आमच्या वाईच्या डॉक्टरांना तसलंच कार्ड लागतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण गोळ्या देणार आई, तिचं शिक्षण सातवी, तिच्या हातात काय?

तुम्ही कार्ड तर दिलंतच, वर एक साधा पांढरा कागद घेतलात आणि आईला म्हणालात, घरातली गोळ्यांची पिशवी आणलीय का? पिशवी बेडवर पालथी केली तर मेटोप्रोलॉल हे हृदयाचं एकच औषध दोन कंपन्यांचं, दोन नावांनी, आणि आई इमानदारीत दोन्ही देत होती. औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असं मेडिकल कौन्सिलने 2016 सालीच सांगितलंय, ते हवंच, पण पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि आई ते पाकीट ओळखते. तुम्ही त्यातली एक स्ट्रिप बाजूला काढून कागदावर सगळ्यात वर लिहिलंत, "ही बंद", आणि रिकामं पाकीट तिथेच स्टेपल केलंत. नवीन काय सुरू केलं ते सगळे सांगतात हो, जुनं काय बंद केलं ते कुणी सांगत नाही.

मग हार्ट फेल्युअर. तो शब्द ऐकल्यापासून आईचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही लिहिलंत, हृदय बंद पडलेलं नाही, पंपिंग कमी झालंय, साधारण 55 ते 70 टक्के असतं, यांचं 35 आहे, म्हणून पाणी साठतं. फ्युरोसेमाइडपुढे नुसतं 1-0-0 न लिहिता "लघवीची गोळी, सकाळीच, रात्री दिली तर रात्रभर उठावं लागेल". कारण कळलं की आई विसरत नाही, हे तुम्हाला कसं कळलं कुणास ठाऊक.

आणि वजन! घरी जाताना वजन 61 किलो, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तीन दिवसांत 2 किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर वाट न बघता फोन, आणि खाली फोन नंबर. गुडघा दुखला तर मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणायची नाही, पॅरासिटामॉल चालेल. लो सोडियम मीठ नको, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असताना पोटॅशियम रक्तात वाढू शकतं. हे शेवटचं तर मला पण माहीत नव्हतं, आमच्याकडे शेजारच्या काकू तेच मीठ "हार्टला चांगलं" म्हणून आणून देणार होत्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियमची रक्ताची टेस्ट कधी करायची आणि रिपोर्ट कुणाला दाखवायचा तेही लिहिलंत, नाहीतर रिपोर्ट येतो आणि फाइलमध्ये पडून राहतो.

एवढं करून तुम्ही आईला "कळलं ना?" असं विचारलं नाहीत. कळलं ना विचारलं की आमच्याकडचं कुणीही हो म्हणतं, डॉक्टरसमोर नाही कोण म्हणणार. तुम्ही म्हणालात, मावशी, आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल ते मला सांगा, आणि ती फोन कधी करायचा तिथे अडखळली तर तेवढंच परत सांगितलंत, न चिडता. मागे बाकीचे पेशंट थांबले होते, तुमचा फोन वाजत होता, तुम्ही रात्रभर ड्युटी केलेली दिसत होती, त्यामुळे सगळ्या डॉक्टरांनी असंच करावं असं घरबसल्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझी मावसबहीण बर्मिंगहॅमला असते, तिला ओपीडीनंतर तिच्याच नावाने साध्या भाषेत पत्र येतं, तिथल्या डॉक्टरांच्या ॲकॅडमीने 2018 मध्ये तसं सुचवलंय. इथे वॉर्डात दोन माणसं जास्त दिली तर इथेही होईल, त्याला काही मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

वाईच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. आईने लॅमिनेशन करून फ्रिजवर लावलाय, शेजारी वजनाची वही. सूज उतरलीय, बाबा गणपतीच्या घाटापर्यंत चालत जातात. फक्त त्यांची एक तक्रार आहे, मॅडमना सांग म्हणाले, बाकी सगळं मराठीत लिहिलं ते ठीक, पण लोणचं-पापड बंद हे तेवढं इंग्रजीत लिहायचं होतं, हिला वाचता आलं नसतं.