दोन्ही गोळ्या पिवळ्याच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन झाला. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर वाताचे ११ मेसेज आले. एकात आंबट बंद करा, दुसऱ्यात रोज लिंबू प्या. बाकी बहुतेक गुडघ्याच्या झिजेचे व्यायाम. मला झीज नाही, आमवात आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. पण झीज असो, आमवात असो की युरिक ॲसिडचा गाऊट, आपल्याकडे सगळ्याला शब्द एकच, ‘वात’. मग व्हिडिओही सगळ्यांना एकच.

मी दौंडला ब्लाउज शिवते. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जोडीला फॉलिक ॲसिड दिलं होतं, ते इतर दिवशी. औषधवाल्याने दोन्ही पाकिटं पुढे सरकवत सांगितलं, ‘‘ही रोज, ही मंगळवारी.’’ घरी येऊन बघते तर दोन्ही गोळ्या पिवळ्याच. कागदावर सगळं इंग्रजी. मी नेमकं उलटं केलं. सहाव्या दिवशी तोंड असं आलं की पाणी गिळवेना. पांढऱ्या पेशी उतरल्या, आठ दिवस ॲडमिट. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे मला खाटेवर पडल्यावर कळलं.

डिस्चार्जच्या दिवशी तिथल्या सिस्टरने माझाच फोन घेतला आणि ४० सेकंद बोलून ठेवलं : ‘‘मावशी, मंगळवार. फक्त मंगळवार. चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. ताप आला, तोंड आलं, तर गोळी न घेता आधी फोन करा. रक्त तपासायचं विसरू नका.’’ त्यानंतर माझी एकदाही चूक झाली नाही. माझ्या दृष्टीने डिजिटल तंत्रज्ञान म्हणतात ते एवढंच.

दुखण्याची नोंद ठेवायचं ॲपही वापरून पाहिलं. मुलाने माझ्या मोबाइलवर घालून दिलं होतं. आमवातात सकाळी बोटं लाकडासारखी होतात, माझी तास-दीड तास वळत नाहीत. आणि ॲपला तेव्हाच ओटीपी हवा, तोही ३० सेकंदांत! पुढचा प्रश्न, वेदना ० ते १० मध्ये किती? सात म्हणजे किती, हे मला अजून समजलेलं नाही. सकाळी सुईत दोरा ओवता आला का, हुक लावता आला का, असं विचारा, लगेच सांगते.

आमच्या शेजारच्या भिगवणला १९९६ साली डॉक्टरांनी घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली होती. गावातलेच स्वयंसेवक फिरले. माणसाचं चित्र पुढे ठेवून, कुठं दुखतं ते दाखवा म्हणायचे. हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना आमवात निघाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या चित्रावर बोट ठेवता येत होतं. आज हातात मोबाइल असून आम्हाला इंग्रजी पीडीएफ येते, तीसुद्धा मुलाच्या फोनवर, आणि मुलगा चाकणला.

डॉक्टरमंडळींना आणि आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. चिठ्ठीवर एक क्यूआर कोड छापा; स्कॅन केला की मिनिटभर साध्या मराठीत आवाज यावा. झिजेचा वेगळा, आमवाताचा वेगळा, गाऊटचा वेगळा. पासवर्ड नको, ओटीपी नको. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका आणि ‘दोन दिवसांत वात गायब’वाल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड असू शकतं, हेही त्यात सांगा. आमच्या गल्लीत दोघी अजून त्या पुड्या घेतात.

मजकूर डॉक्टरांनी तपासून द्यावा. आवाज हवा असेल तर माझा घ्या, पैसे नकोत. फक्त रेकॉर्डिंग दुपारनंतर ठेवा.

– एक वाचक, दौंड