निसर्गवादी असणं भौतिकवादासाठी पुरेसं नाही

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. दुसऱ्या भागात तू निसर्गवादावरून थेट भौतिकवादावर पोचतोस आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मधली पायरी गाळलीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

जगात अलौकिक काही नाही आणि ज्ञान मिळवायला विज्ञानाच्या पद्धतीपलीकडे वेगळी वाट नाही, एवढंच निसर्गवाद म्हणतो. तत्त्वज्ञ क्वाइनने १९६९ मध्ये ज्ञानमीमांसेला, म्हणजे ज्ञान म्हणजे काय याच्या अभ्यासाला, मानसशास्त्राच्या रांगेत बसवलं, ते याच भूमिकेतून. भौतिकवादाचा दावा याहून मोठा आहे: जे आहे ते सगळं भौतिक आहे, किंवा पूर्णपणे भौतिकामुळे आहे. तत्त्वज्ञ चाल्मर्सचंच बघ. १९९६ च्या पुस्तकात तो अनुभवाला मूलभूत मानतो, त्याला मेंदूशी जोडणारे नियमही निसर्गाचेच मानतो आणि स्वतःच्या मताला निसर्गवादी द्वैतवाद म्हणतो; द्वैतवाद म्हणजे मन आणि भौतिक या दोन वेगळ्या गोष्टी मानणं. हे मत चूक असेल, पण त्यात अंतर्विरोध नाही.

गाळलेली पायरी म्हणजे भौतिक जगाचा कार्यकारण-बंदिस्तपणा. कुठल्याही भौतिक घटनेला कारण असेल, तर पुरेसं भौतिक कारण असतं. तत्त्वज्ञ किमचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. इच्छा झाली आणि हात उठला. हात उठण्याला मेंदूतलं पुरेसं कारण आहेच. एकाच परिणामाला दर वेळी दोन स्वतंत्र, पुरेशी कारणं असतात हे पटण्यासारखं नाही. तेव्हा इच्छा एक तर भौतिकच आहे, नाहीतर ती काही करत नाही.

पण बंदिस्तपणा हा अनुभवाधारित दावा आहे, हे स्पष्ट लिही. तो ऊर्जेच्या अक्षय्यतेतून निघतो असं तू लिहिलंयस, ते पुरत नाही. हेल्महोल्ट्झचा १८४७ चा सिद्धांत एकूण ऊर्जा कायम राहते असं सांगतो. बलं कोणती आणि किती, हे त्यावरून ठरत नाही. जैव किंवा मानसिक बलही ऊर्जेचा हिशेब पाळू शकलं असतं. अशा बलांवरचा विश्वास विसाव्या शतकात गेला, कारण पेशींच्या आत पाहूनही ती सापडली नाहीत. रसायनशास्त्रातही तसंच झालं. रेणूचे गुण घटकांवरून काढता येत नाहीत, असं तत्त्वज्ञ ब्रॉड १९२५ मध्ये म्हणत होता. १९२७ मध्ये हायटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूतला बंध पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) समजावला. मला बंदिस्तपणा पटतो तो या इतिहासामुळे, तर्काच्या सक्तीमुळे नव्हे.

दुसरी गल्लत जास्त घातक आहे. ‘भौतिक फरकाशिवाय मानसिक फरक नाही’ हीच तू भौतिकवादाची व्याख्या धरलीस. आपल्या जगापुरतं हे वाक्य चाल्मर्सही मानतो! फरक पडतो तो अनिवार्यतेच्या ताकदीने. हा संबंध केवळ निसर्गनियमाने टिकत असेल तर द्वैतवाद शाबूत राहतो. भौतिकदृष्ट्या हुबेहूब असं कुठलंही शक्य जग मानसिकदृष्ट्याही हुबेहूब असलंच पाहिजे, इतकं कडक विधान तुला हवं.

तत्त्वज्ञ हेम्पेलचा पेच थोडक्यात उरक. ‘भौतिक’ म्हणजे आजचं भौतिकशास्त्र म्हणशील, तर ते अपुरं आहे. उद्याचं म्हणशील, तर त्यात काय असेल हे कुणी सांगावं? मी ‘मूलभूत पातळीवर मानसिक नसलेलं’ हा अर्थ घेईन. त्याने सर्वचेतनवाद, म्हणजे मूलभूत कणांतही काही जाणीव असते हे मत, बाहेर जातो, आणि तुलाही तेच हवंय.

तत्त्वज्ञ जॅक्सनची १९८२ ची मेरी, म्हणजे रंगांबद्दलचं सगळं भौतिक ज्ञान असूनही लाल रंग पहिल्यांदा पाहताना काहीतरी नवं शिकणारी ती काल्पनिक शास्त्रज्ञ, मात्र दुसऱ्या भागातून काढ. तिचा नेम भौतिकवादावर आहे, निसर्गवादावर नाही; तिला तिसऱ्या भागात, या कडक विधानानंतर आण.

तुझा,
अनिल