इतवारीतल्या फ्रेमवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम जयभीम.

हे पत्र दुकानात आणून तुमच्या हातात देता आलं असतं. पण आमच्या वस्तीतल्या प्रदर्शनासाठी तुम्ही जे केलंत ते नागपुरात, चंद्रपुरात, गडचिरोलीत कुठेही प्रदर्शन मांडू पाहणाऱ्या पोरापोरींना कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घ्यायचं नाही, दुकानाचं तर नाहीच, ही तुमची अट पाळते. कलाकारांचीही नावं इथे देत नाही. ती प्रदर्शनात भिंतीवर होती. इथे द्यायची की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

आम्ही चित्रांची गुंडाळी घेऊन आलो तेव्हा तुम्ही आधी लांबी-रुंदी विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही पहिलं चित्र उलगडलं, पाठ बघितली, पुन्हा तोंड बघितलं आणि विचारलंत, "हे कोनाचं हाय?" मी म्हटलं, वर्धा रोडला बांधकामावर कामाला असलेल्या एका ताईचं, मंडल्याकडची आहे, गोंड आहे. "ताईले नाव असन ना काही?" एवढंच बोललात. नाव सांगितल्यावर तुम्ही ते तुमच्या वहीत लिहिलं आणि मगच टेप काढला.

त्या गुंडाळीतल्या एकाही कागदावर सही नव्हती. इंदोऱ्यातल्या आमच्या पेंटर काकांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, वस्तीतल्या भिंतींवर बाबासाहेब आणि बुद्ध काढले. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं, भिंती तेवढ्या राहिल्या. महालातल्या चितार ओळीतली, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतली, वहिनी दरवर्षी गणपती आणि देवींचे डोळे लिहिते. तिच्या हातचे डोळे मखरात बसून अख्ख्या शहरात जातात, आणि लोक मूर्ती ओळखतात ती दुकानावरून. यांची कामं रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात. ती पुसून निघाली तर शहर अर्धं उघडं पडेल. तरी ही माणसं स्वतःला कलाकार म्हणायला तयार नव्हती, आणि सहीचा विषय काढला की हसायची.

गोंड ताई म्हणाली, आमच्याकडे बाया भिंतीवर ढिगना, म्हणजे नक्षी, काढतात, भिंतीवर कोण सही करतं? तेव्हा तुम्ही दुकानातलं काम बाजूला ठेवून तिला गोंड चित्रकार जनगढसिंह श्यामांची गोष्ट सांगितलीत. पाटनगढचा पोरगा, 80च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळला आला, तिथल्या भारत भवन या कलाकेंद्रात काम करू लागला. 1989 साली त्याचं काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होतं. 2001 साली जपानमध्ये तो गेला, चाळिशीही गाठली नव्हती. पण त्याच्या हाताची ओळख अशी पक्की झाली की ती शैलीच 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच्यामागून त्याच्या नात्यागोत्यातली, गावातली कितीतरी माणसं स्वतःच्या नावाने चित्रं काढू लागली. भज्जू श्याम यांना 2018 साली पद्मश्री मिळाली, दुर्गाबाई व्याम यांना 2022 साली. दुर्गाबाईंचं नाव निघालं तशी ताई सावरून बसली. "बाईमानूस हाय ना थे?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "हो, आन् सही करते."

मग तुम्ही पेन्सिल पुढे केलीत आणि कागदाच्या कडेपासून चांगलं बोटभर आत सही करायला लावलीत, कारण माउंटची, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती बसणाऱ्या जाड कागदाची, पट्टी कडेचा भाग खाते आणि सही तिच्याखाली गेली की कायमची गेली. चित्रकलेच्या शिक्षणात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत किती जणांच्या सह्या अशा पट्टीखाली गेल्या असतील, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

आपल्या शहराच्या बाबतीत हे मला फार लागतं, काका. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, 1702 साली. त्याच्या नावाचा अभिमान आपण सांगतो. आणि गोंड बाईने काढलेलं चित्र भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा शहरातल्या एका दालनाने आम्हाला सांगितलं, हे हस्तकलेच्या मेळ्यात शोभेल. मेळ्यांविषयी माझी तक्रार नाही. गोंडी चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेच सिव्हिल लाइन्समध्ये, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात, आईचं बोट धरून. मेळ्यात चार पैसे सुटतात. पण तिथे चित्र उभं राहून बघायला जागा आणि निवांतपणा मिळत नाही, आणि भाव पाडून मागायची सवय सगळ्यांनाच असते. एकाच्या चित्राला दालन आणि दुसऱ्याच्या चित्राला कायम मेळा, अशी वाटणी कोणी केली? नागपुरातच जन्मलेल्या चित्रकार सवी सावरकरांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस कॅनव्हासवर आणि एचिंगमध्ये, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांत, आणला. आमच्या वस्तीतल्या किती पोरांनी ती चित्रं समोर उभं राहून पाहिली आहेत?

शेवटी जागा मिळाली ती वस्तीतल्या समाजमंदिराची. भिंतींना ऑइलपेंट, वर ट्यूबलाइट, खिळा मारायला बंदी. तुम्ही येऊन बघितलंत आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. छताच्या कडीपाटाखालून आडवा पाइप बांधून नायलॉनच्या दोऱ्यांवर चित्रं टांगायची युक्ती तुमची. काचेत ट्यूबलाइट दिसते म्हणून प्रत्येक फ्रेम वरून किंचित पुढे झुकवलीत. चित्राचा मध्य साधारण 145 सेंटीमीटरवर ठेवायचा असं आम्ही शिकलो होतो. तुम्ही विचारलंत, बघायला कोण येणार? शाळेची पोरं आणि म्हाताऱ्या बाया, म्हटल्यावर सगळ्या दोऱ्या वीतभर सैल केल्यात.

चित्रं फ्रेममध्ये बसवण्याचं तुमचं काम मी रोज संध्याकाळी येऊन बघत होते ते शिकायला मिळावं म्हणून. सेलोटेप तुम्ही हातात धरू दिली नाही; दोनचार वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. गव्हाच्या पिठाची खळ करून, पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या वरच्या कडेला, बस्स. खालून कागद मोकळा, कारण नागपूरच्या पावसाळ्यात तो फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्याला हलायला वाव हवा. काच आणि चित्र यांच्यात माउंटचं अंतर, नाहीतर दमटपणात पोस्टर कलर काचेला चिकटतो. सोनेरी नक्षीची पट्टी आमच्यातल्या एकाला हवी होती. तुम्ही ती चित्राशेजारी धरून दाखवलीत. ताईच्या हरणाच्या अंगावरचे बारीक ठिपके त्या नक्षीपुढे दिसेनासे झाले. साधी सागवानी पट्टी ठरली.

आणि मारबतीचं काय करायचं हा खरा पेच होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा 1881ची आणि पिवळीची 1885ची सांगतात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना जे जे सलतं त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. बांबूच्या कामट्या, कापड, कागद, रंग यांतून एवढं मोठं शिल्प उभं करणारी माणसं आपल्या शहरात आहेत आणि त्यांचं एकही काम शिल्लक राहत नाही, कारण ते जळण्यासाठीच केलेलं असतं. मग दाखवायचं काय? आम्ही फोटोंवर समाधान मानणार होतो. तुम्ही बडगे करणाऱ्या दादाला म्हणालात, "वरचं जळते ना? मंग आतलं दाखव." त्याने हॉलमध्ये कामट्यांचा नुसता सांगाडा बांधला, कागद न लावता. छाती कुठे वळते, हात कसा तोलला जातो, गाठ कुठे बसते, सगळं दिसत होतं. लोक सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले. एक सिव्हिल इंजिनिअर तर दादाला वजन कुठे येतं ते विचारत बराच वेळ उभा होता, आणि दादा कामटी वाकवून दाखवत होता. मला विचाराल तर पूर्ण प्रदर्शनातलं सगळ्यात आधुनिक शिल्प तेच होतं.

चितार ओळीत तुम्ही स्वतः आलात, गणपतीच्या घाईत. वहिनीच्या मूर्तीसाठी आम्ही कार्ड केलं होतं, त्यावर तिचं एकटीचं नाव. तुम्ही माती कोण मळतं, साचा कोण भरतो, अंग कोण रंगवतं, असं घरच्या प्रत्येकाला विचारत गेलात. त्या कार्डावर शेवटी चार नावं आली: सासरे, दीर, वहिनी आणि तिची बारावीतली मुलगी, जी दागिने रंगवते. ती मुलगी उद्घाटनाला वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन आली आणि प्रत्येकीला कार्ड वाचून दाखवलं.

पैशांचं राहिलं. किंमत लिहायला सगळ्यांनाच संकोच होता. तुम्ही म्हणालात, किंमत लिहिली नाही की घेणारा ठरवतो. किती दिवस लागले, रोजंदारी किती बुडाली, कागद-रंग किती, असा हिशेब करून आकडे लिहायला लावलेत. मोठ्या गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मा घेतात. इथे सगळी रक्कम करणाऱ्याच्या हातात गेली. फ्रेमांचं सामान उधारीवर, तेही फक्त लाकूड-काचेच्या खरेदीच्या भावाने, आणि मजुरीचा विषय काढला की तुम्ही चहा मागवायचात. जे चित्र विकलं गेलं नाही त्याची फ्रेमही तुम्ही परत घेतली नाहीत. ताईच्या खोलीत ती आता भिंतीला आहे. शेजारच्या बाया बघायला येतात, असं ती सांगत होती.

तुम्हाला प्रदर्शनानंतरच्या बातम्या द्यायच्या राहिल्या होत्या. पेंटर काकांना कामठीकडच्या एका विहाराची पूर्ण भिंत मिळाली आहे आणि खाली उजव्या कोपऱ्यात नाव घालायचं हे त्यांनी आधीच बोलून ठेवलंय. ताईने पहिल्यांदा कॅनव्हास विकत घेतला. बांधकामावरची सुटी असते त्या दिवशी काढते. बडगेवाल्या दादाला ड्रॉइंगच्या एका सरांनी शाळेत बोलावलं होतं, पोरांना कामट्या वाकवायला शिकवायला.

पुढचं प्रदर्शन पोळ्याच्या आधी करायचं ठरतंय. या वेळी भंडाऱ्याकडच्या कोसा रेशीम विणणाऱ्या बायांना विचारलं आहे. विणलेलं कापड काचेखाली ठेवायचं की मोकळं, यावर आमच्यात दोन तट पडलेत. तुमच्याकडे येऊनच ते सुटेल. लाकूड-काचेची उरलेली रक्कम सोबतच्या पोराच्या हाती पाठवली आहे, मोजून घ्या. मजुरीचं पाकीट वेगळं आहे. सगळ्या कलाकारांनी मिळून ते केलंय आणि वर प्रत्येकाने सही केली आहे. ते परत पाठवू नका, ही आमची अट.

तुमचे फार फार आभार, काका.

तुमची,
इंदोऱ्यातली पोरगी