सायलेन्सर बघू नका, आवाज मोजा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी सायलेन्सरचा कारागीर आहे. बेंड पाइप वाकवणं, वेल्डिंग मारणं, जाळी बसवणं, पॅकिंग भरणं हेच माझं रोजचं काम. म्हणजे मोटारसायकलच्या सायलेन्सरवर चाललेल्या कारवाईबद्दल मी बोलतोय त्यात माझ्या पोटाचाही प्रश्न आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मध्यरात्री खिडकीखालून फाडफाड करत कुणी गेलं की झोप माझीही मोडते. त्याला दंड होऊ नये असं मला अजिबात वाटत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या मोहिमेतून नेमका तोच निसटतो.

कसा, ते बघा. तपासणी करणारा माणूस सायलेन्सरकडे नजर टाकतो. कंपनीचा दिसला की जाऊ देतो, वेगळा दिसला की पावती फाडतो. आणि रस्त्यावरचा सगळ्यात कर्कश आवाज बऱ्याचदा कंपनीच्याच, पण आतून पोकळ केलेल्या सायलेन्सरमधून येतो. ग्राइंडरने शिवणीवर नळकांडं कापायचं, आतले पडदे आणि आडव्यातिडव्या नळ्या उपटून काढायच्या, एक सरळ पाइप घालायचा, पुन्हा वेल्डिंग मारून घासायचं आणि वरून उष्णतेला टिकणारा काळा रंग फवारायचा. कंपनीचा शिक्का जागच्या जागी. हात चांगला असेल तर जोड बोटालाही लागत नाही. हे काम मी करत नाही, पण केलेलं ओळखतो : टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखं वाजतं. टिचकी मारून बघा असं आपल्या खात्याने कुणाला सांगितलेलं दिसत नाही.

उलट माझ्या एका गिऱ्हाइकाचं ऐका. त्याने बाहेरचा सायलेन्सर बसवला होता. जाळीभोवती ग्लास वूल (काचेच्या धाग्यांचा कापूस) घट्ट भरलेलं, डीबी किलर म्हणजे तोंडात बसणारा आवाज कमी करणारा तुकडा नुसत्या बोल्टवर न ठेवता वेल्ड केलेला. मी आवाज मोजायचं मीटर लावून पाहिलं, तर आवाज कंपनीच्या सायलेन्सरइतकाच. त्याला दंड झाला आणि सायलेन्सरही गेला. ‘मीटर लावून बघा’ असं तो सांगत राहिला. मीटर तिथे कुणाकडे नव्हतंच.

बहुतेक गिऱ्हाइकांना मोठा आवाज नको असतो, ‘जाड’ आवाज हवा असतो. या दोन गोष्टी एक नाहीत. गाडीची लय इंजिनातच ठरते. चार स्ट्रोकचं एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला २५ ठोके. हार्ले-डेव्हिडसनच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर) दोन ठोक्यांमधलं इंजिनाच्या फिरण्याचं अंतर आळीपाळीने ३१५ आणि ४०५ अंश पडतं, म्हणून तो लंगडत चालल्यासारखा ठेका. त्या आवाजाच्या ट्रेडमार्कसाठी कंपनीने १९९४ मध्ये अर्ज केला आणि २००० मध्ये तो मागे घेतला. तेव्हा आवाजाचं वेड फक्त पोरांनाच असतं असं समजू नये. सायलेन्सर ही लय बदलू शकत नाही. त्यातले कोणते सूर गिळायचे आणि कोणते सोडायचे, एवढंच त्याच्या हातात असतं. वूल वरचे, टोचणारे सूर खातं. आतले कप्पे त्यांच्या मापाप्रमाणे ठरावीक सूर दाबतात. नीट केलेल्या सायलेन्सरमधून गाडी भारदस्त वाजते आणि तरी मर्यादेत राहते.

एक गोष्ट माझ्या धंद्याच्या विरोधात जाते, तरी लिहितो. जाड आवाज भिंतीतून जास्त आरपार जातो आणि मोजमापात वापरलं जाणारं डीबी(ए) हे डेसिबलचं एकक खालचे सूर कमीच धरतं. म्हणून मर्यादा सैल करा असं मी म्हणणार नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ‘चार-पाचने काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

‘मोठ्या आवाजाने जीव वाचतो’ हा युक्तिवादही आपल्यापर्यंत येईल. पाइपचं तोंड मागे असतं, आवाज जास्त मागे जातो, आणि समोरून वळणाऱ्या गाडीवाल्याला तो उशिरा कळतो. त्यासाठी हॉर्न दिलेला आहे. राहिला पिकअप, तर नुसता सायलेन्सर बदलून तो वाढला असं वाटतं ते बहुतेक वेळा कानालाच.

मोजायची पद्धत नव्याने शोधावी लागणार नाही. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. माइक पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत. ज्या आरपीएमला इंजिन सर्वाधिक ताकद देतं, तो आकडा ५००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन धरायचं. नसेल तर पाऊण पटीवर. आजूबाजूचा आवाज किमान दहा डेसिबलने कमी हवा, म्हणजे भर चौकात हे जमणार नाही, बाजूची शांत जागा शोधावी लागेल. युरोपात हा उभ्या गाडीचा आकडा आणि त्याचं आरपीएम नोंदणीच्या कागदावरच छापलेलं असतं. ऑस्ट्रियातल्या टिरोलने २०२० मध्ये हाच आकडा धरून, तो ९५ डेसिबलच्या वर असलेल्या मोटारसायकलींना काही रस्ते उन्हाळ्यात बंद केले. पण तिथे धरला जातो तो कागदावरचा आकडा. त्यामुळे जशीच्या तशी ठेवलेली मोठी गाडी अडते आणि कागदावर ९० असलेली, आतून पोकळ केलेली गाडी सुटते. कागद हवाच, शेजारी मीटरही हवं.

बाहेरच्या सायलेन्सरला सरसकट बंदी घालू नका, त्याला मंजुरीचा रस्ता द्या. युरोपात चाचणी होऊन मंजूर झालेल्या सायलेन्सरवर गोलातलं ‘ई’ अक्षर आणि क्रमांक कोरलेला असतो. तसा शिक्का इथेही असू द्या, मात्र दोन अटी घाला. एका बोल्टवर निघणारा डीबी किलर असेल तर मंजुरी नाही. तो विकणाऱ्याच्या दुकानाबाहेरच निघतो, हे मी पाहतो. आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढावा लागत असेल तर मुळीच नाही. त्याच्याशिवाय धूर जास्त विषारी होतो, मग आवाज कितीही गोड असो. शिवाय वूल कायम टिकत नाही. जुना सायलेन्सर रिव्हेट काढून उघडला की बऱ्याचदा जाळीभोवती नुसता काळा भुगा सापडतो. तेव्हा ठरावीक काळाने फेरतपासणी ठेवा.

जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो छान येतात. पण ज्या दुकानात ते पोकळ झाले, तिथला ग्राइंडर दुसऱ्या दिवशी सुरूच असतो. दंडाच्या पावतीवर काम कुणी केलं त्याचा रकाना ठेवा आणि दुसऱ्यांदा तेच नाव आलं की दुकानाला नोटीस जाऊ द्या. माझं नाव आलं तर मलाही.

नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा आम्हा कारागिरांनाही बोलवा. कंपनीचा एक पोकळ केलेला आणि बाहेरचा एक भरलेला, असे दोन सायलेन्सर मी घेऊन येईन. मीटर आपल्या खात्याने आणावं.

कळावे,
आपला,
सायलेन्सरचं काम करणारा एक कारागीर