श्वानांपुढे वाचन हसण्यावारी नेऊ नका

महोदय,

परदेशातली मुले कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात, यावर आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर भरपूर हशा पिकला. 'गाढवापुढे वाचली गीता' ही म्हणही लगेच निघाली. प्राथमिक शाळेत उभी हयात गेल्यामुळे मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे 1999 मध्ये हा उपक्रम सुरू झाला. यात कुठलाही कुत्रा चालत नाही. त्याचा स्वभाव पारखलेला आणि आरोग्य तपासलेले असते, शिवाय प्रशिक्षण घेतलेला सांभाळणारा सोबत असतो. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकच मूल त्याच्याजवळ बसून पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचते. मूल अडले की सांभाळणारा चूक दाखवत नाही. 'हा शब्द याला नवा दिसतोय, जरा समजावून सांगतोस का?' असे विचारतो. झाले! अडखळणारा विद्यार्थीच गुरुजी होतो. मला विचाराल तर सगळी करामत त्या प्रश्नात आहे.

आपल्याकडे प्रकट वाचन म्हणजे भर वर्गात उभे राहणे. जोडाक्षरावर गाडी अडते, मागच्या बाकावर खुसखुस होते आणि बाई घाईने शब्द पुरा करतात. मग वाचनाच्या तासालाच पोटात दुखू लागते. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नाही. याला कारणे अनेक आहेत. अक्षरओळखच कच्ची असेल तर कुत्रा तरी काय करणार? पण वाचता येत असून तोंड न उघडणारी मुलेही वर्गात असतात, आणि ती कुणाच्या मोजणीत येत नाहीत.

मुंबई-पुण्यात प्रशिक्षित थेरपी डॉग, म्हणजे माणसांना धीर देण्यासाठी तयार केलेले कुत्रे आहेत, तिथल्या ग्रंथालयांनी हा प्रयोग जरूर करावा. गल्लीतले कुत्रे धरून मात्र कुणी असले काही करू नये, रेबीज हा गमतीचा विषय नाही. गावात धाकटे भावंड किंवा डोळ्यांनी कमी दिसणारी आजी हेच काम करील. अट एकच, मध्ये टोकायचे नाही.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी भाषणे आणि फोटो होतातच. यंदा त्या दिवशी शाळेत एखादा कोपरा अशा वाचनासाठी मोकळा ठेवावा. तिथे स्पर्धा नको, परीक्षक तर नकोच.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा