नरडव्याच्या डोंगरापासून तळाशीलच्या पुळणीपर्यंत : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : गड नदीच्या खोऱ्यासाठी डोंगर ते समुद्र असा एकच संवर्धन आराखडा करून त्याचं नेतृत्व गावांकडे देण्याबाबत

सन्माननीय मंत्री,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. सिंधुदुर्गातल्या गड नदीचं खोरं कणकवली तालुक्यातल्या नरडव्याच्या डोंगरापासून मालवण तालुक्यातल्या कालावल खाडीच्या मुखापर्यंत एकच क्षेत्र धरून त्याचा एकच आराखडा व्हावा. तो वरच्या शेतकरी गावांनी आणि खालच्या मच्छीमार गावांनी एकत्र बसून करावा, आणि त्यावर सही करण्याचा अधिकारही त्यांना असावा. गावांना फक्त 'सूचना व हरकती' पाठवायला सांगून हे होणार नाही.

मी मालवण तालुक्यातली. या नदीच्या दोन्ही टोकांच्या गावांमध्ये काम करते. त्यामुळे एक गोष्ट सतत दिसत राहते. नदी एकच, पण तिची कागदपत्रं दहा टेबलांवर. वरचं जंगल वन विभागाकडे, आणि त्यातलं बरंचसं खासगी मालकीचं. नरडव्याचं धरण जलसंपदा विभागाचं, वहाळांवरचे, म्हणजे ओढ्यांवरचे, छोटे बंधारे मृद व जलसंधारणाचे. जांभ्या दगडाच्या चिरेखाणी, काळ्या दगडाच्या खाणी आणि वाळूचे गट महसूल खात्याचे. कणकवलीचं सांडपाणी नगरपंचायतीचं. खाडीतली चिपी, म्हणजे कांदळवन, कांदळवन कक्षाकडे आणि तिच्या शेजारची खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनी, खारभूमी विभागाकडे. किनाऱ्यावरचे बंधारे पत्तन खात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे. सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नकाशे आपल्या विभागाकडे. यातला प्रत्येक जण आपापल्या हद्दीत नियमाने काम करत असेलही. पण वरच्या हद्दीत झालेल्या कामाचा खालच्या हद्दीत काय परिणाम होतो, हे विचारायची जबाबदारी कुणाचीच नाही.

परिणाम काय होतो ते वाळूवरून सांगते, कारण वाळूवर सगळं येऊन ठेपतं.

नदी डोंगरातून दोन गोष्टी आणते : जाड रेव आणि बारीक गाळ. रेव तळाने सरकत येते, हळूहळू, वर्षानुवर्षं. तीच खाडीच्या मुखाशी साठते आणि लाटा ती किनाऱ्याला लावतात. खाडीच्या मुखाजवळच्या तळाशीलची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अशी तयार झालेली आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं, माड, होड्या. बारीक गाळाचं उलटं. तो पाण्यात तरंगत येतो आणि पाणी संथ झालं की खाली बसतो.

आज या नदीतून रेव कमी येते आणि गाळ जास्त. धरण रेव अडवतं. जी अडत नाही ती खाडीत उपसली जाते. त्या उपशाविरुद्ध तळाशील-तोंडवळीची माणसं कितीतरी वर्षं निवेदनं देताहेत, प्रसंगी खाडीत उतरताहेत. त्याच वेळी वरच्या भागात डोंगर उघडे पडताहेत. खासगी जंगल सरसकट तोडलं जातं, चिरेखाणीची माती वहाळाच्या काठावर रचून ठेवतात, महामार्गाच्या चौपदरीकरणात कापलेल्या दरडी पहिल्या पावसात सुटतात. लाल पाणी कणकवलीवरून खाडीकाठच्या मसुऱ्याकडे येतं आणि भरतीचं पाणी भेटलं की त्यातला गाळ खाडीत बसतो. म्हणजे किनाऱ्याला जे हवं ते मिळत नाही आणि जे नको ते भरभरून मिळतं. किनारा खचतो आणि खाडी बुजते, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. सरकारदरबारी मात्र त्यांच्या फायली वेगळ्या, खाती वेगळी, निधी वेगळा.

किनारा खचला की धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होतो. लोकही तोच मागतात, कारण घराच्या पायरीशी लाटा आल्यावर दुसरं काय मागणार? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा या पट्टीवरच्या माणसांनी रात्र कशी काढली असेल, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. म्हणून त्या मागणीला मी नावं ठेवणार नाही. पण बंधाऱ्याचा काळा दगड कुठून येतो ते एकदा पाहावं. तो जवळपासच्याच डोंगरातल्या खाणींमधून येतो. खाडीची वाळू उपसून किनारा उघडा पाडायचा आणि तो झाकायला डोंगर फोडायचा. त्या फोडलेल्या डोंगराची माती पुन्हा खाडीतच येणार. याला खर्च म्हणतात आणि तो दोनदा होतो, तीनदा होतो. बंधाऱ्याच्या टोकाला धूप वाढली की बंधारा आणखी पुढे वाढवायचा. वरच्या खाणीचा परवाना आणि खालच्या बंधाऱ्याचं अंदाजपत्रक एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं असतं, तर यातली निम्मी कामं निघालीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचणाऱ्या बायका हे कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं सांगतात. ओहोटीला पाणी सुकलं की त्या कमरेला टोपली बांधून उतरतात आणि पायाने चाचपत वेचतात. घरी आल्यावर तिसऱ्या पाण्यात टाकून एकेक दुसरीवर आपटून आवाज ऐकायचा. जिवंत तिसरीचा आवाज टणक, चिखलाने भरलेलीचा बद्द. चिखलाची एक जरी नजरचुकीने राहिली, तरी अख्ख्या कालवणाची माती होते, गिऱ्हाईक पुढच्या वेळी तोंड फिरवतं. "आदी पायाखाली रेव लागायची, आता ढोपराएवढो चिखल," हे एकीचं वाक्य. वेचायला वेळ दुप्पट, आणि वाट्यात बद्द आवाजाच्याच जास्त. या बायकांच्या नावावर होडी नाही, परवाना नाही, त्यामुळे मच्छीमार म्हणून त्यांची नोंदही नाही. खाडीचा गाळ हा त्यांच्या मजुरीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कणकवली तालुक्यातल्या एखाद्या वहाळाच्या काठावर आहे. तिथे त्यांना कोण विचारतं?

माशांनाही आपल्या खात्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. मिरगाच्या पहिल्या सरींनी नदी फुगली की चढणीचे मासे वहाळांतून पार शेताच्या कोपऱ्यापर्यंत चढतात, तिथे अंडी घालतात. वांब, म्हणजे सापासारखा लांब मासा, तर उलट करते : डोंगरातल्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, वर्षानुवर्षं राहते आणि प्रजननासाठी समुद्राकडे जाते. तिची पिल्लं पुन्हा नदी चढून येतात. कोळंबी, तांबोशी, शेवटे, कुर्ल्या यांचं बालपण चिपीच्या मुळांत जातं. वर कोंडीत ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटिन टाकून मासे मारले की कुणाचं काय गेलं, हे खालच्या गावाला कळत नाही. खाली पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, मच्छीमार होड्या वर ओढून बसतो, ते वरच्या गावाला ठाऊक नसतं. एका बाजूने समुद्राला विश्रांती द्यायची आणि दुसऱ्या बाजूने त्याच दिवसांत नदीत चढणीचे मासे खिंड अडवून काढायचे, हे तरी एका बैठकीत बोलून ठरवता येईल की नाही?

आता संरक्षणाच्या जुन्या पद्धतीबद्दल. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला कालावलची खाडी, दक्षिणेला कर्लीची, मधोमध प्रवाळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा खडकाळ समुद्र. हेतू चांगला होता. पण आम्हाला विश्वासात घेतलं नाही, ही मच्छीमारांची तक्रार तेव्हापासून आजपर्यंत मिटलेली नाही. अभयारण्य म्हटलं की आजही इथल्या माणसाला आपली होडी जप्त होण्याची भीती आधी आठवते. आणि ज्या दोन खाड्यांचं पाणी त्या प्रवाळांवर येतं, त्यांच्या वरच्या अंगाला काय चाललंय याचा त्या हद्दीशी काही संबंध लावलेला नाही. नकाशावर समुद्रात चौकोन आखून गढूळ पाणी थांबत नाही. ते जिथून येतं तिथल्या माणसाशी बोलावं लागतं.

गावांना हे जमेल का, असा प्रश्न मंत्रालयात नेहमी विचारला जातो. आमच्या खाडीच्या उत्तरेला आचरा आहे. देवाचा कौल घेऊन दर काही वर्षांनी अख्खा गाव गुरंढोरं, कोंबडी-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. गावपळण. एक घर मागे राहत नाही. जो गाव हे करू शकतो, तो तिसऱ्यांची एखादी पट्टी दोन-तीन महिने बंद ठेवू शकणार नाही? रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, वाट्याचे हिशोब पिढ्यान्‌पिढ्या पुळणीवर बसून झालेले आहेत, ओढायला आलेल्या प्रत्येक हाताचा वाटा धरून. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांचा बचत गट स्वतः होड्या चालवून पर्यटकांना कांदळवन दाखवतो, त्याला लागलेलं बीज सिंधुदुर्गातल्या संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातलं होतं, पण टिकवलं त्या बायकांनी. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या शिंपल्यांची मासेमारी डिसेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवतात, जाळ्याच्या आसाचं, म्हणजे छिद्राचं, माप ठरलेलं आहे, आणि २०१४ मध्ये तिला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं. तिथे वेचणाऱ्यांना आधी बसवून मग नियम केले गेले.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती आहे आणि तिच्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असं लिहिलेलं आहे. २०१९ च्या अधिसूचनेनेही ती कायम ठेवली. याच समितीची गड नदीपुरती उपसमिती करावी. तिच्यात नरडव्याकडच्या गावांचे, कणकवलीचे, मसुरे परिसराचे, खाडीतल्या खोतजुवा आणि मसुरकर जुव्यासारख्या बेटांचे आणि तळाशील-सर्जेकोटच्या मच्छीमारांचे लोक असावेत. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या जागा नावाने राखून ठेवाव्यात. खोऱ्यातली नवी खाण, वाळूचा गट, धूपप्रतिबंधक बंधारा किंवा मोठी वृक्षतोड यांचा प्रस्ताव या उपसमितीच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नये. मत डावललं, तर त्याचं कारण लेखी द्यावं.

आणि वरच्या गावांना यातून काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेकडापालन, कालवपालन यांसाठी कांदळवनाच्या गावांना योजना आहे आणि ती चांगली आहे. पण ज्या शेतकऱ्याने आपल्या मालकीचं जंगल ठेकेदाराला न विकता राखलं, त्याला काहीच मिळत नाही. पोरीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसे लागले की तो झाडं विकतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या कुणालाही नाही. नरडव्याच्या धरणग्रस्तांनी तर पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं झगडून सरकारी शब्दाचा अनुभव घेतलेला आहे. त्यांना पुन्हा 'त्याग करा' म्हणून सांगायला मी जाणार नाही. खोऱ्यातल्या वाळूच्या आणि दगडाच्या स्वामित्वधनातला ठरावीक वाटा याच खोऱ्यात राहावा. त्यातून खासगी जंगल राखणाऱ्याला दरवर्षी हेक्टरी मोबदला मिळावा, वहाळकाठच्या मातीच्या ढिगांना बांध घालता यावेत, हिवाळ्यात गाव मिळून घालतो त्या कच्च्या बंधाऱ्यांना मजुरी मिळावी. पावसाळ्यानंतरच्या वायंगणी शेतीला त्यांचं पाणी लागतं, खाली गाळ कमी येतो. दोन्हीकडच्या माणसाचा फायदा एकाच कामात आहे अशी कामं आधी घ्यावीत.

वाळू काढणाऱ्या होड्यांवर आणि खाणींवर आमच्याच जिल्ह्यातली आणि बाहेरून आलेली गरीब माणसं राबतात, याची मला जाणीव आहे. उपसा थांबला की त्यांची चूल विझता कामा नये. म्हणून पहिल्या वर्षी सरसकट बंदी मागत नाही. खाडीच्या मुखाजवळचा आणि बेटांच्या कडेचा उपसा ताबडतोब थांबवावा, बाकीच्या ठिकाणी दरवर्षी पावसानंतर तळाची मोजणी करून किती वाळू आली ते पाहूनच किती काढायची ते ठरवावं. मोजणीला गावातली मुलं उभी राहतील. कॉलेजात शिकणारी आहेत, खाडीचं पाणी अंगवळणी पडलेलं आहे.

शेवटची विनंती बैठकीच्या जागेबद्दल. असल्या बैठका मालवणात होतात, समुद्राचा विषय म्हणून. ही पहिली बैठक नरडव्यात घ्यावी, भातकापणी उरकल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे. रविवारी नको, त्या दिवशी बाजारात माशाला गिऱ्हाईक असतं आणि बायकांना यायला जमणार नाही. तळाशील, तोंडवळी, सर्जेकोटची माणसं वर घेऊन येण्याची जबाबदारी आमची. जलसंपदा, महसूल, वन, मत्स्यव्यवसाय, पत्तन आणि खारभूमी या खात्यांचे अधिकारी एकाच दिवशी तिथे हजर राहतील असं पत्र मात्र आपल्या कार्यालयातूनच निघावं लागेल. आमच्या बोलावण्याने ते एकत्र येत नाहीत.

आपली नम्र,
मालवण तालुक्यातील एक कार्यकर्ती